निर्वासित कोण? एका व्याख्येचें परीक्षण

कवितेप्रमाणेंच कायद्याच्या मसुद्याचेंहि परीक्षण व्हावें. तेथेंहि एकेका शब्दावर माणसांचें दैव अवलंबून असतें. जिनीव्हा येथें १९५१ सालीं संमत झालेला निर्वासितांविषयींचा आंतरराष्ट्रीय करार आम्ही याच दृष्टीनें वाचला.

त्यांतील दोन कलमें मुख्य होत. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत अथवा विशिष्ट समाजगट यांमुळें छळ होईल अशा साधार भीतीनें जो स्वदेशाबाहेर आहे, तो निर्वासित, असें पहिलें कलम सांगतें. जेथें त्याच्या जीवितास वा स्वातंत्र्यास धोका आहे तेथें त्यास परत लोटूं नये, असें तेहतिसावें. दुसऱ्याविषयीं आमची तक्रार नाहीं. व्याख्या मात्र तोकडी आहे. ती एकट्यादुकट्याच्या मापानें बेतली आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीकडील वाचकांस हें चटकन पटेल. पूर्व बंगालमधून आलेलीं कुटुंबें सरकारनें १९६० नंतर तत्कालीन चांदा जिल्ह्यांत वसविलीं. आजच्या चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांत त्यांचीं गांवें आहेत. हे लोक जथ्याजथ्यानें देश सोडून आले. त्यांतील एकेकाच्या भीतीचा पुरावा कोणीं तपासावा? भारतानें या करारावर सही केलेली नाहीं, आणि सही न करतांहि या कुटुंबांस जमिनी दिल्या, हें सरकारच्या बाजूनें सांगतां येईल.

परंतु हें समर्थन येथेंच संपतें. जें मिळालें तें सरकारच्या इच्छेनें, हक्कानें नव्हे. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यांत गोठणगांवजवळ १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. आश्रय त्यांसहि मिळाला. पण नागरिकत्व नसलेला तिबेटी कायद्याच्या लेखीं परकीच. १९४६ च्या कायद्यांत निर्वासिताची व्याख्या नव्हती. त्याच्या जागीं आलेल्या २०२५ च्या कायद्यांतहि ती नाहीं. नागरिक नसलेल्याच्या जीवितासहि घटनेचें संरक्षण आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं चकमांच्या खटल्यांत ठरविलें खरें. पण प्रत्येक निराश्रितानें कोर्टाची पायरी चढावी काय?

अंगरखा तोकडा असेल तर नवा शिवावा. उघडें राहण्यास तें कारण होऊं शकत नाहीं. जथ्यानें येणारांसहि पुरेल अशी व्याख्या भारतानें स्वानुभवावरून लिहावी. आणि ज्या अरण्यांत पाहुण्यास वसवावयाचें, तेथील गोंड-माडियांस आधीं विचारावें, असें एक कलम तींत अवश्य घालावें. यजमानास न विचारतां केलेलें आतिथ्य फार दिवस गोड राहत नाहीं.