लोकाश्रय आणि निर्मितीस्वातंत्र्य : ‘ब्रोकन एज’ या व्हिडिओ गेमची चिकित्सा

प्रस्तावना :

कलेच्या इतिहासात आश्रयाचा प्रश्न नेहमीच महत्त्वाचा राहिला आहे. राजाश्रयाने कलावंताला पोसले, परंतु त्याच्याकडून स्तुतीची अपेक्षाही केली. पुढे प्रकाशक, निर्माता आणि बाजारपेठ यांनी राजाची जागा घेतली. व्हिडिओ गेम ही तुलनेने अलीकडची कला असली, तरी तिच्या निर्मितीला लागणारा मोठा खर्च पाहता हा प्रश्न तिच्यापुढे अधिक तीव्रतेने उभा राहतो. इसवी सन २००९ मध्ये अमेरिकेत ‘किकस्टार्टर’ हे संकेतस्थळ सुरू झाले आणि सर्वसामान्यांच्या लहानलहान वर्गण्यांतून कलाकृती उभी करण्याचा मार्ग खुला झाला. या मार्गास क्राउडफंडिंग असे म्हटले जाते. आपल्याकडील ‘लोकवर्गणी’ हा शब्द त्याला बऱ्याच अंशी लागू पडतो.

लोकवर्गणीमुळे कलावंत खरोखरच स्वतंत्र होतो काय, की केवळ त्याचा धनी बदलतो, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. त्यासाठी ‘डबल फाइन’ या सॅन फ्रान्सिस्कोस्थित संस्थेच्या ‘ब्रोकन एज’ या खेळाची चिकित्सा येथे केली आहे.

निधीउभारणीची पार्श्वभूमी :

टिम शेफर हे डबल फाइनचे संस्थापक. १९९० च्या दशकात ‘लुकासआर्ट्स’ या संस्थेत त्यांनी ‘डे ऑफ द टेंटॅकल’ (१९९३), ‘फुल थ्रॉटल’ (१९९५) व ‘ग्रिम फँडँगो’ (१९९८) या खेळांच्या निर्मितीत प्रमुख वाटा उचलला. पडद्यावरील वस्तूंवर माऊसची कळ दाबत, पात्रांशी संवाद साधत आणि कोडी सोडवत कथा पुढे नेणे हे या ‘अ‍ॅडव्हेंचर’ प्रकाराचे स्वरूप होय. नव्या शतकाच्या आरंभी मोठ्या प्रकाशकांनी या प्रकाराकडे जवळजवळ पाठ फिरवली. असा खेळ घेऊन प्रकाशकाकडे गेल्यास आपले हसे होईल, अशी शेफर यांचीच भूमिका होती.

८ फेब्रुवारी २०१२ रोजी त्यांनी थेट खेळाडूंना आवाहन केले. मागणी ४,००,००० डॉलरची होती. त्यापैकी ३,००,००० डॉलर खेळासाठी आणि १,००,००० डॉलर निर्मितिप्रक्रियेवरील माहितीपटासाठी होते. पहिल्या चोवीस तासांतच दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडला गेला. १३ मार्च रोजी मुदत संपली, तेव्हा ८७,१४२ वर्गणीदारांनी ३३,३६,३७१ डॉलर दिले होते. म्हणजे मागणीच्या आठपटींहून अधिक रक्कम जमली आणि दरडोई सरासरी वर्गणी सुमारे ३८ डॉलर पडली.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. वर्गणी मागताना खेळाची कथा, पात्रे अथवा नाव यांपैकी काहीही निश्चित झालेले नव्हते. वर्गणीदारांनी पैसा दिला तो एका लेखकाच्या पूर्वकर्तृत्वावर आणि स्वतःच्या तरुणपणीच्या आठवणींवर. मराठी वाचकास परिचित असलेल्या प्रकाशनपूर्व सवलतीत ग्रंथाचा विषय व लेखन बहुधा ठरलेले असते. येथे मात्र कोऱ्या पानाचीच आगाऊ विक्री झाली.

आशय आणि रूपक :

खेळात दोन स्वतंत्र कथा आहेत आणि खेळाडूला त्यांपैकी कोणत्याही कथेत केव्हाही जाता येते. वेला ही शुगर बंटिंग या गावातील मुलगी. मॉग चोथ्रा नावाच्या महाकाय प्राण्याला तरुण मुली अर्पण करण्याचा उत्सव तेथे साजरा होतो. बळी म्हणून निवड होणे हा कुटुंबाचा सन्मान मानला जातो. एकटे आजोबा वगळता घरात कोणालाही या प्रथेत वावगे दिसत नाही. वेलाचा साधा प्रश्न असा, की या प्राण्याशी लढायचे का नाही?

दुसऱ्या बाजूला शे हा मुलगा एका अंतराळयानात एकटाच वाढतो आहे. आईच्या आवाजात बोलणारा संगणक त्याला भरवतो, आंघोळ घालतो आणि ‘साहसा’साठी पाठवतो. ही साहसे म्हणजे लोकरीच्या खेळण्यांना आइस्क्रीमच्या ढिगाऱ्यातून सोडवण्यासारखी लुटुपुटीची संकटे. त्यांत पराभव शक्यच नसतो. पुढे लांडग्याचा वेष घेतलेला मॅरेक त्याला खऱ्या जगातील निष्पाप जीव वाचवण्याचे काम देतो आणि शे उत्साहाने ते करू लागतो.

पूर्वार्धाच्या अखेरीस रहस्य उलगडते. शेचे यान आणि मॉग चोथ्रा ही एकच गोष्ट आहे. ज्यांना तो वाचवत होता असे त्याला वाटत होते, त्या वस्तुतः गिळल्या जाणाऱ्या मुली होत्या. एकाचे सुरक्षित पाळणाघर हेच दुसऱ्याच्या दृष्टीने भक्षक श्वापद ठरते. आतापर्यंत वेगळ्या वाटणाऱ्या दोन कथा या एका क्षणी परस्परांचा अर्थ बदलून टाकतात. खेळाडूने स्वतःच्या हातांनी शेला ते काम करायला लावलेले असल्याने या अपराधात तोही सहभागी ठरतो. कादंबरीच्या वाचकाला असा सहभाग क्वचितच घडतो. या माध्यमाचे खास सामर्थ्य येथे प्रत्ययास येते.

हा प्रसंग निधीउभारणीच्या संदर्भात पाहिला असता त्याला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. लेखकाच्या मनात असे रूपक होते, असा दावा करण्याचे कारण नाही. तथापि अतिप्रेमाने घेरलेला, अपयशाची मुभा नसलेला आणि जुनेच खेळ पुन्हा पुन्हा खेळायला लावला जाणारा शे हा लोकाश्रयातील कलावंताचे चित्र ठरू शकतो. माया करणारा आणि कोंडणारा हात एकच असू शकतो, ही जाणीव पूर्वार्धात समर्थपणे व्यक्त झाली आहे.

उत्तरार्धातील उणिवा :

अपेक्षेपेक्षा अधिक पैसा मिळाल्याने खेळाचा आवाकाही वाढला. एलायजा वुड, जॅक ब्लॅक, जेनिफर हेल यांसारख्या कलावंतांचे आवाज, पीटर मॅक्‌कॉनेल यांचे संगीत आणि हाताने रंगवल्यासारखी चित्रशैली यांवर खर्च झाला. जुलै २०१३ मध्ये शेफर यांनी जाहीर केले, की जमलेला निधी अपुरा असून खेळ दोन भागांत विभागला जाईल आणि पूर्वार्धाच्या विक्रीतून उत्तरार्ध पूर्ण केला जाईल. पूर्वार्ध जानेवारी २०१४ मध्ये व उत्तरार्ध एप्रिल २०१५ मध्ये आला.

या विभागणीचा परिणाम आशयावरही झालेला दिसतो. पूर्वार्ध फार सोपा असल्याची तक्रार जुन्या खेळांच्या चाहत्यांनी केली होती. उत्तरार्धातील कोडी लक्षणीयरीत्या कठीण झाली. काही कोड्यांची उकल दुसऱ्या पात्राने पाहिलेल्या माहितीवर अवलंबून आहे. ही माहिती एका पात्राकडून दुसऱ्याकडे कशी पोहोचली, याचे उत्तर कथेत मिळत नाही. ते खेळाडूला ठाऊक असते, पात्राला नव्हे. परिणामी पात्राशी झालेले तादात्म्य तुटते. दोन्ही पात्रांच्या जागांची अदलाबदल होते, परंतु बहुतेक स्थळे जुनीच राहतात. प्रथेविरुद्ध उभी राहणारी वेला यंत्रांच्या तारा जुळवण्यात गुंतते. पूर्वार्धाने उपस्थित केलेला संमतीचा प्रश्न, म्हणजे बळी देणाऱ्या समाजाला आपली प्रथा योग्य का वाटते हा प्रश्न, मॅरेकच्या लोकांच्या कारस्थानाच्या स्पष्टीकरणात विरून जातो.

याचा सर्व दोष वर्गणीदारांवर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. आवाका वाढवण्याचा निर्णय निर्मात्यांचा होता. शिवाय प्रकाशकाच्या व्यवस्थेत असा खेळ बहुधा सुरूच झाला नसता. लोकाश्रयाने खेळ जन्माला घातला हे निर्विवाद आहे. मात्र त्याने निर्मात्यासमोर एक अदृश्य सहलेखकही बसवला आणि तो सहलेखक भूतकाळाकडे तोंड करून बसला होता.

माहितीपटाचे महत्त्व :

‘टू प्लेअर प्रॉडक्शन्स’ने केलेला माहितीपट ही या प्रयोगाची कदाचित सर्वांत टिकाऊ देणगी होय. आरंभी तो वर्गणीदारांपुरता मर्यादित होता, नंतर सर्वांसाठी खुला झाला. त्यात अंदाजपत्रकावरील चिंता, मतभेद आणि रखडलेले काम यांचे मोकळे दर्शन घडते. अपयशाची शक्यता लपवून ठेवणे हा प्रकाशकी व्यवस्थेचा नियम. येथे ती शक्यता वर्गणीदारांसमोर मांडली गेली. खुद्द किकस्टार्टरनेही सप्टेंबर २०१२ मध्ये आपण दुकान नव्हे, असे जाहीर केले होते. ग्राहक आणि आश्रयदाता यांतील हा फरक माहितीपटाइतका प्रभावीपणे अन्यत्र क्वचितच समजावला गेला आहे.

तुलनात्मक विचार :

याउलट ‘अंडरटेल’ या खेळासाठी टोबी फॉक्स यांनी २०१३ मध्ये केवळ ५,००० डॉलर मागितले. त्यांना ५१,१२४ डॉलर मिळाले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या खेळाने शत्रूला न मारताही खेळ पूर्ण करता येतो, हे दाखवून जुन्या संकेतांनाच प्रश्न विचारले. अपेक्षांचे ओझे हलके असल्यास लोकाश्रय अधिक फलदायी ठरतो, असे यावरून सुचते.

महाराष्ट्रातील उदाहरणही उद्बोधक आहे. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ या खेळासाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर आवाहन केले. ते अयशस्वी झाले. खेळ अखेर २०२० मध्ये पूर्ण झाला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळाच्या नामांकनापर्यंत पोहोचला. शेफर यांच्यापाशी चाहत्यांच्या स्मृतींचे भांडवल होते. भारतीय पुराणकथांवर आधारलेल्या नवख्या संस्थेच्या खेळापाशी ते नव्हते. लोकाश्रय सर्वांना खुला असला, तरी तो सर्वांना सारखाच पावतो असे नाही.

समारोप :

‘ब्रोकन एज’ची गुणवत्ता तिच्या पूर्वार्धात आहे आणि तिचे शिक्षण तिच्या उत्तरार्धात आहे. लोकवर्गणीने निर्मात्याला प्रकाशकापासून मुक्त केले, परंतु त्याला स्वतःच्याच कीर्तीशी जखडले. पुढे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने डबल फाइन विकत घेतली. लोकाश्रयाकडून पुन्हा मोठ्या भांडवलाच्या आश्रयाकडे झालेला हा प्रवास लोकवर्गणीच्या मर्यादाच अधोरेखित करतो. आश्रय कोणाचा, यापेक्षा आश्रयदात्याची नकार ऐकण्याची तयारी किती, यावर कलावंताचे स्वातंत्र्य अवलंबून असते. बळीच्या उत्सवात ‘का?’ असे विचारणारी वेला हाच प्रश्न विचारते. तिला तो शेवटपर्यंत विचारू दिला असता, तर ही कलाकृती थोर ठरली असती.