गेम मास्टर : पंच की कथाकार?
टेबलावरील भूमिकाखेळांच्या संचालनतंत्राची चिकित्सा

प्रस्तावना :
टेबलाभोवती बसून फासे आणि कागद-पेन्सिल यांच्या साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग गेम्सना, म्हणजेच भूमिकाखेळांना, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या १९७४ साली अमेरिकेत प्रकाशित झालेल्या खेळापासून स्वतंत्र रूप प्राप्त झाले. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते होत. या खेळात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो. उरलेले सर्व जग, म्हणजे त्यातील गावे, शत्रू, हवामान, अफवा, एकटा गेम मास्टर सांभाळतो. आपले पात्र काय करते हे खेळाडू सांगतो. त्याचे फळ काय मिळाले हे गेम मास्टर सांगतो. एवढा अधिकार एकाच व्यक्तीच्या हाती असताना खेळाडूंच्या निर्णयाला काही अर्थ उरतो काय, हा या खेळाच्या संचालनतंत्रातील मूलभूत प्रश्न होय. संचालनतंत्राचे मूल्यमापन कथेच्या रंजकतेवरून न करता 'खेळाडूंच्या निर्णयाने पुढील घटना खरोखर बदलते का?' या कसोटीवर करावे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पंचाची परंपरा :
गेम मास्टरचे मूळ युद्धखेळातील पंचात आहे. प्रशियात राइसविट्झ यांनी १८२४ साली सिद्ध केलेल्या 'क्रीगस्पील' या लष्करी खेळात पंच नियमांच्या आधारे निकाल देत असे. १८७६ साली व्हेर्दी दु व्हेर्नुआ यांनी नियमांचा पसारा कमी करून पंचाच्या अनुभवसिद्ध निर्णयाला प्राधान्य दिले. अमेरिकेतील डेव्हिड वेसली यांच्या १९६९च्या 'ब्राउनस्टाइन' या प्रयोगात खेळाडू नियमांत नसलेल्या कृतीही करू लागले आणि पंचाला ऐनवेळी निकाल द्यावे लागले. या प्रयोगातील खेळाडू आर्नेसन यांनी पुढे हीच पद्धत आपल्या 'ब्लॅकमूर' या कल्पित जगात विकसित केली. १९७४च्या मूळ पुस्तिकांत संचालकासाठी 'रेफरी' हाच शब्द होता, ही बाब लक्षणीय आहे.

मराठीत या भूमिकेसाठी 'सूत्रधार' हा शब्द सहज सुचतो. परंतु तो दिशाभूल करणारा आहे. सूत्रधाराला नाटकाचा शेवट ठाऊक असतो. कोकणातील दशावतारात लिखित संहिता नसते, नट संवाद ऐनवेळी रचतात. तरीही आख्यानाचा शेवट ठरलेलाच असतो. भूमिकाखेळात शेवटही मोकळा राहणे अपेक्षित आहे.

कथाकाराचा मोह :
१९७९च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये गायगॅक्स यांनी फाशांचा निकाल डावलण्याचा अधिकार संचालकास स्पष्टपणे दिला. सर्व खबरदारी घेऊनही केवळ दुर्दैवाने मरणाऱ्या पात्राला वाचवावे, ही त्यामागील एक भूमिका सहृदय आहे. तथापि १९८४पासून प्रकाशित झालेल्या 'ड्रॅगनलान्स' साहसमालिकेत या अधिकाराला निराळे वळण मिळाले. कथेला पुढे आवश्यक असणाऱ्या पात्रांचा मृत्यू संदिग्ध ठेवावा, म्हणजे त्यांना परत आणता येईल, अशी तरतूद तीत आढळते. येथे दया खेळाडूवर नसून पूर्वनियोजित कथानकावर आहे. खेळाडूंना एकाच मार्गाने हाकण्याच्या या पद्धतीस खेळाच्या परिभाषेत 'रेलरोडिंग' असे म्हणतात.

याचे सूक्ष्म रूप अधिक विचारणीय आहे. समजा, वाट दुभंगते. खेळाडू डावीकडे गेले तरी राक्षस भेटतो आणि उजवीकडे गेले तरी तोच राक्षस भेटतो. खेळाडूंना हे कधीच कळणार नाही, म्हणून त्यात हानी नाही, असा युक्तिवाद केला जातो. हा युक्तिवाद अपुरा आहे. महिनोन्महिने एकत्र खेळणाऱ्या गटाला कोणता निर्णय वाया जातो याचा अंदाज येतोच. आणि एकदा तो आला की पूर्वीचे खरे विजयही संशयास्पद ठरतात. मात्र दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. दोन्ही वाटांविषयी काहीच माहिती नसेल, तर राक्षस खरोखर एकाच वाटेवर ठेवूनही तो निर्णय नाणेफेकीहून वेगळा ठरत नाही. डाव्या वाटेवर मोठी पावले उमटली आहेत, उजवी वाट एका दिवसाने लांबची आहे, एवढे सांगितले की निवडीला अर्थ येतो. स्वातंत्र्याची पूर्वअट माहिती ही आहे.

तंत्राचे दोन पर्याय :
रहस्यप्रधान खेळात हा प्रश्न तीव्र होतो. सँडी पीटरसन यांच्या १९८१च्या 'कॉल ऑफ क्थुलू'मध्ये दडलेला पुरावा सापडणे हे टक्केवारीच्या फाशांवर अवलंबून असते. चार खेळाडूंपैकी प्रत्येकाला पुरावा सापडण्याची शक्यता ४० टक्के धरली, तर चौघेही अपयशी ठरण्याची शक्यता सुमारे १३ टक्के येते. असे तीन पुरावे एकापुढे एक साखळीने जोडले, तर तपास कोठेतरी अडण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के होते. अशा वेळी फासे लपवून खोटे सांगण्यावाचून संचालकाला गत्यंतर राहत नाही. येथे दोष संचालकाच्या सचोटीचा नसून रचनेचा आहे. रॉबिन लॉज यांच्या 'गमशू' नियमपद्धतीने योग्य कौशल्य असणाऱ्याने शोध घेताच मुख्य पुरावा फाशांविना देऊन टाकला. त्याचा अर्थ लावणे खेळाडूंवर सोपविले. जस्टिन अलेक्झांडर यांनी २००८ साली प्रत्येक निष्कर्षासाठी किमान तीन पुरावे ठेवण्याचा नियम मांडला. कथानक न रचता परिस्थिती रचावी, हेही त्यांचेच आग्रहाचे सूत्र आहे. सरदाराला काय हवे, त्याच्याकडे किती माणसे आहेत, कोणी अडविले नाही तर तो काय करील, एवढे ठरवावे. खेळाडू काय करतील हे ठरवू नये.

दुसरा पर्याय संचालकाच्या अधिकारालाच नियमबद्ध करण्याचा आहे. २०१०च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये संचालक स्वतः फासे टाकत नाही. खेळाडूने दोन फासे टाकून, त्यांत आपल्या पात्राच्या गुणांचे अंक मिळवून, १० वा अधिक मिळविल्यास पूर्ण यश, ७ ते ९ आल्यास किंमत मोजून यश, आणि ६ वा कमी आल्यास संचालकाची चाल, असा क्रम आहे. ही चालही दिलेल्या यादीतून निवडायची असते. येथे संचालकही पुढे काय घडेल याविषयी उत्सुक असणारा सहभागी ठरतो. २०१३ साली जॉन स्टॅव्हरोपूलस यांनी मांडलेल्या 'एक्स-कार्ड'मुळे नकोसा विषय कारण न देता थांबविण्याचा अधिकार टेबलावरील प्रत्येकास मिळाला, हेही याच दिशेचे पाऊल होय.

या पर्यायांनाही मर्यादा आहेत. परिस्थिती रचणाऱ्याचे काही श्रम वाया जातात. खेळाडू ज्या गावी जात नाहीत ते गाव वहीतच राहते. नियमबद्ध चालींमध्ये अननुभवी संचालक यांत्रिक होण्याचा धोका संभवतो. नवख्या खेळाडूस प्रारंभी थोडे मार्गदर्शन लागतेच. परंतु उघडपणे दिलेला सल्ला आणि छुपेपणाने फिरविलेला फासा या दोन भिन्न गोष्टी आहेत.

निष्कर्ष :
१. गेम मास्टर ही भूमिका पंचाच्या परंपरेतून आली असून कथाकाराची भूमिका तीवर नंतर आरोपित झाली आहे.
२. फाशांचा निकाल लपवून बदलणे हे बहुधा सदोष पूर्वतयारीचे लक्षण असते. त्यावरील उपाय फासे टाकण्यापूर्वी योजावयाचा असतो.
३. पुरेशी माहिती, परिणामांत खरा फरक आणि निकालाशी प्रामाणिकपणा या तिन्हींवाचून खेळाडूचे स्वातंत्र्य पूर्ण होत नाही.
४. उत्तम संचालक सांगण्याइतकाच ऐकण्यात कुशल असावा लागतो.

सारांश, टेबलावरील हा खेळ परस्परविश्वासावर उभा आहे. ठरविलेली कथा कितीही सुंदर असली, तरी ती ऐकण्यासाठी चार माणसांना फासे हाती घेण्याची गरज नाही. ती फासे हाती घेतात, ते आपल्या निर्णयाने काहीतरी बदलेल या अपेक्षेने. आणि ती अपेक्षा राखणे हेच संचालकाचे पहिले कर्तव्य ठरते.