तारीख नसलेल्या मार्ग-नकाशांचा कालनिर्णय : मावळ-लोणावळ्याच्या निमित्ताने

छापील मार्ग-नकाशांवर मुद्रणवर्ष पुष्कळदा आढळत नाही. असे नकाशे इतिहास, भूगोल व स्थलनामविचार या तिन्ही शाखांत साधन म्हणून वापरले जातात. म्हणून त्यांच्या कालनिर्णयाची पद्धती तपासून पाहणे अगत्याचे आहे. रूढ पद्धतीत नकाशावर जे जुने दिसते, त्यावरून नकाशा जुना ठरविण्यात येतो. लोणावळ्याचे ‘लानौली’ या वळणाचे रोमन लेखन, मैलांतील अंतरे, खंडाळ्याच्या खाली ‘कुलाबा’ जिल्हा, एवढे सापडले की निर्णय झाला असे मानतात. ही पद्धती सदोष आहे.

तुलनात्मक भाषाशास्त्रात दोन भाषांनी एकच जुने रूप टिकविले, तर तेवढ्यावरून त्यांचे विशेष नाते सिद्ध होत नाही. दोहोंत समान असलेले नवे रूप मात्र पुरावा ठरते. जुने कोठेही टिकून राहते. नव्याला जन्मकाळ असतो. हाच न्याय नकाशालाही लागू पडतो, कारण मार्ग-नकाशा बहुधा आधीच्या नकाशावरून उतरविलेला असतो आणि पूर्वीची अक्षरे त्यात तशीच राहून जातात.

कुलाबा जिल्ह्याचे ‘रायगड’ हे नामांतर १ जानेवारी १९८१ रोजी झाले. तेव्हा ‘रायगड जिल्हा’ छापणारा नकाशा त्यापूर्वीचा नव्हे, हे निश्चित. परंतु ‘कुलाबा’ छापणारा नकाशा १९८१ पूर्वीचाच, असे म्हणता येत नाही. मोजमापांचेही तसेच. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा. मैल मात्र त्यानंतरही छापले गेले. मुंबई-पुणे रस्त्याला ‘४८’ हा क्रमांक २०१० च्या फेररचनेत मिळाला. जुना ‘४’ पुढेही रेंगाळला. २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग ही पूर्वसीमा खरी. पण तो तुटक रेषेने दाखविला असेल, तर ती केवळ योजना असू शकते.

मराठी नकाशांत ‘पुणें’, ‘लोणावळें’ यांवरील अनुस्वार मोहक साक्षीदार वाटतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. परंतु मुद्रकाची सवय नियमाबरोबर बदलत नाही. शिवाय अरुंद जागेत अनुस्वार गळणेही स्वाभाविक. एकट्या अनुस्वारावर निर्णय उभारू नये.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. नकाशाच्या अंगात वारसा बोलतो, तर कडेवरील प्रकाशकाच्या नावात त्याचा स्वतःचा वर्तमानकाळ. बर्मा-शेलचे राष्ट्रीयीकरण १९७६ मध्ये झाले. म्हणून त्या कंपनीने स्वतःच्या नावाने काढलेल्या नकाशाला तेथे उत्तरसीमा मिळते.

हा वाद केवळ संग्राहकांचा नव्हे. पवना खोऱ्यात धरणाचे पाणी १९७० च्या दशकात साठले. जलाशय नसलेला नकाशा ‘धरणापूर्वीचा’ म्हणून पुढे केला आणि तो पुढे केवळ जुन्या ठशाचे पुनर्मुद्रण निघाला, तर बुडालेल्या गावांविषयीचे विधान तारखेपुरते तरी निराधार होते. उलट, अशा नकाशात जुन्या पाहणीतील गावे व वाटा जपलेल्या असू शकतात. तेवढ्यापुरता तो मोलाचाच.

म्हणून प्रत्येक नकाशाला दोन काळ द्यावेत : आशयाचा व मुद्रणाचा. प्रत्येकाची पूर्वसीमा व उत्तरसीमा आधारासह नोंदवावी. आधार न मिळाल्यास ती सीमा मोकळी सोडावी. अंदाजाचे वर्ष प्रबंधात एकदा शिरले की पुढील अभ्यासक त्यालाच पुरावा मानतात.