चमच्याने ठोकलेली अंगठी

मनमाडच्या पूर्वेला औरंगाबादची छावणी, दक्षिणेला अहमदनगरची, आणि पश्चिमेला नाशिकरोड ओलांडलं की देवळाली. तिन्ही लष्करी ठाण्यांच्या वाटा या एका जंक्शनवर मिळतात. औरंगाबादची लाइन नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेज होती, त्यामुळे तिकडच्या जवानाला इथे उतरून गाडी बदलावीच लागे. अशा मुलखात सराफाकडे मोडीत आलेल्या चांदीत एखादी फौजी अंगठी निघाली तर नवल नाही. खंत एवढीच की मुशीत टाकण्याआधी तिच्या आतल्या बाजूकडे कुणी पाहत नाही. या अंगठ्यांचं सगळं सौंदर्य आतच असतं.

माझ्या संग्रहातली सर्वांत लाडकी अंगठी रुपयाच्या नाण्याची आहे. नाण्याची अंगठी करणं हा पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायांचा, खलाशांचा आवडता उद्योग. रिकामा वेळ भरपूर आणि हत्यार म्हणून मेसमधला चमचा. नाणं कडेवर उभं धरायचं आणि चमच्याच्या पाठीने हलके हलके ठोकत, फिरवत राहायचं. हातोडीचा दणका बसला तर कड दुमडते, चिरते. चमच्याचा मार सौम्य असल्यामुळे धातू सावकाश पसरतो. कड रुंद होत जाते, नाण्याचा व्यास कमी होत जातो. हवी तेवढी पट्टी तयार झाली की मधला भाग भोक पाडून काढायचा आणि कानशीने घासत बोटाचं माप आणायचं.

या कृतीत एक गंमत आपोआप घडते. नाण्याच्या काठालगतची अक्षरं वळून अंगठीच्या आतल्या अंगाला येतात. माझ्या अंगठीच्या आत एका काठाला ‘किंग एम्परर’ या इंग्रजी अक्षरांचे वरचे अर्धे भाग शिल्लक आहेत, तर दुसऱ्या काठाला मागच्या बाजूच्या वेलबुट्टीतली पानंफुलं. सहाव्या जॉर्जच्या रुपयावर साल मध्यभागी असे, म्हणजे ते भोक पाडतानाच गेलं. तरी काळ लपत नाही. 1940 पूर्वीच्या रुपयात शंभरात जवळजवळ 92 भाग चांदी असे. युद्धात चांदीची ओढाताण झाली आणि 1940 पासून ती निम्म्यावर आली. या अंगठीला घासलेल्या जागी तांबूस झाक आहे, कसोटीवर रेघही फिकी उमटते. म्हणजे रुपया युद्धातलाच. पूर्ण रुपयाचं वजन एक तोळा, 11.66 ग्रॅम. आपले सराफ पिढ्यान्‌पिढ्या रुपयानेच तोळा जोखत आले. त्यातली साधारण निम्मी चांदी कानशीच्या भुशात आणि मधल्या चकतीत गेली.

बाहेरून ती अगदी साधी आहे. बोट फिरवलं तर चमच्याचे बारीक बारीक पैलू लागतात, पण फक्त अर्ध्या भागावर. तळहाताकडची बाजू गुळगुळीत झाली आहे आणि पट्टी तिथे पातळ पडली आहे. बंदूक, दोर, बादलीची कडी, गाडीचं स्टिअरिंग असं काहीतरी या माणसाने वर्षानुवर्षं घट्ट धरलं असणार. करणाऱ्याने घडवलेली अर्धी आणि वापराने घडवलेली अर्धी, असे दोन कारागीर मला या एकाच दागिन्यात दिसतात. म्हणून फौजी अंगठीला पॉलिश करणं हा मी गुन्हा मानतो. चकाकी येते आणि दुसरा कारागीर पुसला जातो.

या कुळातल्या इतर अंगठ्याही देखण्या आहेत. पहिल्या महायुद्धात फ्रेंच शिपाई खंदकात जर्मन तोफगोळ्यांच्या फ्यूजमधलं अॅल्युमिनियम काढून अंगठ्या घडवत आणि वर तांब्याचा तुकडा जडवत. गोळा ज्याच्यासाठी आला होता, त्यानेच तो घासूनपुसून प्रेयसीला पाठवला. जर्मनीत 1914 मध्ये सोनं देशाला देणाऱ्यांना बदल्यात लोखंडी अंगठी मिळे. ती घरी राहिलेल्यांच्या त्यागाची निशाणी. 1962 च्या चीन युद्धात आपल्याकडच्या बायकांनीही संरक्षण निधीसाठी बांगड्या, अंगठ्या उतरवून दिल्या. त्या दागिन्यांचं सोनं झालं, अंगठ्या उरल्या नाहीत.

बाजारात भाव असतो तो कवटीच्या नाझी अंगठ्यांना. त्यांत नकलांचा सुळसुळाट आहे आणि अस्सल असली तरी ती मला घरात नको. क्रूरतेच्या बक्षिसापेक्षा कंटाळलेल्या शिपायाने केलेली ओबडधोबड अंगठी मी केव्हाही वरची मानतो.

पदक आणि अंगठी शेजारी ठेवून पाहावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. 29 एप्रिल 1916 ला इराकमधलं कूत तुर्कांच्या हाती पडलं तेव्हा तिथे अडकलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 अशा तीन मराठा पलटणी होत्या. त्यातल्या एखाद्याचं पदक आज हाती आलं तर कडेवरच्या ओळीवरून माणसापर्यंत जाण्याची वाट निघते. अंगठीचं उलटं आहे. माझ्या अंगठीत टोच्याने खरवडलेले चार आकडे आहेत, पण नुसत्या नंबरावरून माणूस सापडत नाही, पलटण लागते. सरकारने दिलेल्या वस्तूवर नाव आहे, स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूवर नाही. तरी जे पदकात नाही ते इथे आहे. पदक कुणाच्याही छातीवर लावता येतं, अंगठी मात्र एकाच बोटाच्या मापाची असते. ही माझ्या करंगळीतही जेमतेम जाते. बारीक बोटांचा, बहुधा कोवळ्या वयाचा कुणीतरी होता, एवढं तरी ती सांगते.

मनमाड, येवला, नांदगाव, चांदवड भागात ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची अशी अंगठी असेल, त्यांना विनंती आहे. मोडीत देऊ नका, रिठ्याने घासू नका. आतल्या बाजूचा जवळून फोटो काढा. एका कागदावर आजोबांचं नाव, गाव, पलटण, आठवत असेल तर नंबर लिहा आणि तो कागद अंगठीबरोबर त्याच डबीत ठेवा. निम्म्या चांदीचे सराफ फार पैसे देणार नाही. घरातल्या जाणत्या माणसाला मात्र आजच विचारून घ्या.