भुवयांचा ताळेबंद

भुवया कोरणं ही शहरी थेरं, असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या झाडीपट्टीत यावं. बपेऱ्याकडे धान कापून झाला, दिवाळी सरली, की मंडईचे दिवस येतात अन् नाटकं रात्र-रात्र चालतात. भुवयांचाही हंगाम तोच!

नटीच्या भुवया आधी दोऱ्याने मुळासकट उपटून बारीक करायच्या, मग पेन्सिलीने त्याच पुन्हा जाड काढायच्या. म्हणजे आधी खात्यातून काढा, मग व्याजासकट भरा! पण त्याला इलाज नाही. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला नायिका रागावली हे कळायला नको?

माझी तक्रार निराळी. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भुवयांच्या 7 हालचाली सांगितल्यात. ‘भ्रुकुटी’ रागाची, ‘उत्क्षेप’ म्हणजे वर उचलणं. पण पेन्सिलीनेच भुवई कपाळावर चढवली, की नायिका पहिल्या अंकातच थक्क! तिसऱ्या अंकात नवऱ्याचं प्रेत आलं, तरी चेहऱ्यावर तेच आश्चर्य. रडणार कशाने?

सातवी हालचाल आहे ‘सहजा’, म्हणजे जशी आहे तशी. बाकी सहा तिच्यातूनच निघतात. तेवढी शिल्लक ठेवा, बाई. मुद्दल खाऊन व्यवहार चालत नाही.