हलत्या शिल्पांचा वेग

मोटर लावून वस्तू हलवणे आज शाळकरी मुलांनाही जमते. 2005 मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावात आर्डुइनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड तयार झाला आणि पुढच्या काही वर्षांत सेन्सर, सर्वो मोटर आणि थोडा प्रोग्राम एवढ्या भांडवलावर शिल्प हलवता येऊ लागले. ही सोय स्वागतार्हच आहे. पण तिच्यातून एक साचाही पडला: माणूस जवळ आला की पाकळ्या उघडतात, दूर गेला की मिटतात. असे शिल्प पुन्हा पाहावेसे वाटत नाही. त्याची हालचाल किती वेगाने व्हावी, हे कुणी ठरवलेलेच नसते. सर्वोला जमेल त्या गतीने तो झटक्यात वळतो.

माझ्या मते या कलेचे खरे माध्यम वेग हेच आहे. शिल्पकार नाउम गाबोने 1919-20 मध्ये मॉस्कोत मोटरवर धातूची एकच बारीक सळई थरथरवली. कंप इतका जलद, की हवेत लहरीचा पारदर्शक आकार उभा राहिलेला दिसतो. मोटर बंद केली की आकार नाहीसा होतो, सळई तेवढी उरते.

दुसऱ्या टोकाला अमेरिकन शिल्पकार आर्थर गॅन्सनचे काँक्रीटचे यंत्र आहे. मोटर मिनिटाला 200 फेरे घेते. पुढे गिअरच्या 12 जोड्या, प्रत्येक जोडी वेग 50 पटींनी घटवणारी. पहिल्या जोडीनंतर मिनिटाला 4 फेरे उरतात, दुसरीनंतर एका फेऱ्याला साडेबारा मिनिटे लागतात, तिसरीनंतर दहा तासांहून अधिक. शेवटच्या गिअरला एक फेरा पुरा करायला 2 लाख कोटींहून अधिक वर्षे लागतील, म्हणून तो खुशाल काँक्रीटमध्ये घट्ट बसवला आहे, आणि तरीही मोटर निर्धास्त फिरते. साध्या गुणाकारातून काळाचा असा थरार निर्माण करणारी दुसरी कलाकृती मला ठाऊक नाही.

आपल्याकडे मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांचे 2009 चे लोखंडी फाटक याच तोडीचे आहे. ते यंत्रावर डावीकडे-उजवीकडे झुलत भिंतीवर आदळते आणि भिंत हळूहळू ढासळते. इथे तोचतोचपणा हाच आशय आहे. तेच ते आदळणे पाहताना सरहद्द, घर, पहारा हे सगळे मनात येते.

मग गणेशोत्सवातले हलते देखावे. कलासमीक्षेने त्यांच्याकडे फार कमी पाहिले, ही मला खरी उणीव वाटते. मोटरची गोल गती क्रँकमधून वर-खाली होण्यात बदलते. टोकाशी पोचताना हात आपोआप मंदावतो, म्हणून तो माणसाचा वाटतो. हे ज्ञान कारागिरांच्या हातात आहे. मात्र पुष्कळ देखाव्यांत भीमाची गदा आणि बाळाचा पाळणा एकाच ठेक्यात हलतात. गदेला उचलताना जड, पडताना जलद गती हवी. कॅम, म्हणजे फिरताना जोडलेला भाग उचलणारी चकती, वर्तुळाऐवजी वेगळ्या आकाराची कापली तर ती मिळू शकते, त्यासाठी महागडे सर्किट लागत नाही.

मराठीत अशा कामांवर लिहिताना विषय आणि साहित्य यांची दखल घेतली जाते, पण फेरे किती, थांबा कुठे, मोटरचा आवाज ऐकू येतो का, हे क्वचितच नोंदले जाते. देखभालीतही तेच. मोटर जळली की बाजारात मिळेल ती बसवली जाते. मिनिटाला 30 फेऱ्यांच्या जागी 60 फेऱ्यांची मोटर आली, तर शिल्पच बदलले. मूळ गती कलाकृतीच्या पाटीवर, नाव आणि सालाशेजारी, लिहायला हवी.