तांबडी रेघ

यंदा पोळा झाल्यावर मी सातवीच्या मुलांना ‘आमचा पोळा’ हा निबंध दिला. आमच्या पिंपळगाव राजात या विषयाला काय तोटा? एका मुलाने लिहिले होते : बैल धुताना त्याने बाबांच्या पायावर पाय दिला, तेव्हा बाबा ओरडले, “मुडदा बशिवला तुहा!” आणि संध्याकाळी बाबांनी त्यालाच आधी पुरणपोळी चारली.

सवयीने मी शिवीवर तांबडी रेघ ओढली व वर लिहिले, ‘बाबा रागावले.’ पुन्हा वाचले, तो त्या मुलाचा बाप कागदावरून नाहीसा झालेला! उरला तो पाठ्यपुस्तकातला कोणी सद्गृहस्थ.

शाळा ही संस्काराची जागा, हे मला मान्य आहे. पण त्या रेघेने मुलगा काय शिकतो? आपल्या घरची बोली म्हणजे घाण, एवढेच.

उद्धव शेळके यांची ‘धग’ 1960 साली प्रसिद्ध झाली. तीत लेखकाचे निवेदन प्रमाण मराठीत आहे. कौतिक आणि महादेव मात्र वऱ्हाडीत बोलतात. कौतिकचा त्रागा धुऊन-पुसून लिहिला असता, तर तिचे दारिद्र्यही खोटे वाटले असते. निबंध तपासताना मला हाच धडा उपयोगी पडतो. शब्द पात्राच्या तोंडचा असेल आणि त्याने माणूस दिसत असेल, तर तो राहावा. लिहिणाऱ्यानेच वाक्यावाक्यात शिव्या पेरल्या, तर तो आळस समजावा. नेमका शब्द शोधण्याचे कष्ट त्याने चुकविले! जातीवरून किंवा आयाबहिणींवरून दिलेली शिवी मात्र वर्गात वाचली जाताच बाकावरच्या कोणाला तरी लागते. तिची गणना सौम्य शब्दांत करताच येत नाही.

तांबडी शाई खोडता येत नाही. म्हणून मी समासात लिहिले, ‘माझी दुरुस्ती चुकली. तुझे वाक्य बरोबर.’

वही घेताना मुलाने विचारले, “गुर्जी, मंग पेपरात लिहू काय?”

मी गप्प राहिलो. पेपर तपासणारा कोण असेल, हे मला कोठे ठाऊक? आणि गुण जायचे ते त्याचे, माझे नव्हेत. अखेर म्हणालो, “लिही बाबा. पण पुरणपोळीचं वाक्य गाळू नकोस.”